आपले घर आणि सरकारचा मसुदा

(साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)



तुम्ही आता वाचू लागला आहात. आपले नाव लिहिता. बसची पाटी वाचता. रेशनच्या दुकानातला फळा वाचता. फार चांगले झाले. पण आज मी तुम्हाला एक निराळाच कागद वाचायला सांगणार आहे. त्यात गोष्ट नाही. चित्र नाही. त्याची भाषाही अवघड असते. तरी तो वाचला पाहिजे, कारण तो तुमच्या घराविषयी असतो. त्या कागदाला मसुदा म्हणतात.

घर पाहावे बांधून, असे आपल्यात म्हणतात. घर बांधताना माणूस किती झिजतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. कोणी मुंबईला गिरणीत राबला. कोणी बागेत गडी म्हणून राबला. तेव्हा कुठे चार भिंती उभ्या राहिल्या. अशा घरावर उद्या कोणी नवा नियम लावणार असेल, तर तो आपल्याला आधी कळायला नको काय?

मसुदा म्हणजे काय?

सरकार, नगरपंचायत किंवा दुसरी एखादी कचेरी नवा नियम करते. पुष्कळ वेळा हा नियम एकदम लागू होत नाही. आधी त्याचा कच्चा कागद काढतात. तो लोकांपुढे ठेवतात आणि म्हणतात, "आम्ही असा नियम करणार आहोत. कोणाला काही म्हणायचे असेल, तर अमुक दिवसांच्या आत लिहून कळवा." हा कच्चा कागद म्हणजे मसुदा. त्यावर आपण जे लिहून देतो, ती हरकत. "असे करू नका" ही हरकत. "असे करा" ही सूचना. दोन्ही देता येतात.

लग्नाची बोलणी चालू असतात, तेव्हा देणेघेणे ठरायचे असते. कोणाला काही बोलायचे असेल, तर ती वेळ असते. याद्या झाल्या, अक्षता पडल्या, की मग मांडवात उठून कुरकुर करण्यात काय अर्थ? मसुदा म्हणजे बोलणी. कायदा म्हणजे अक्षता. आपण काय करतो? बोलणी चालू असताना घरी बसतो, आणि अक्षता पडल्यावर मांडवात भांडतो.

ही मुदत प्रत्येक वेळी सारखी नसते. शहराचा किंवा नगरपंचायतीचा विकास आराखडा निघतो, तेव्हा १९६६ च्या महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याप्रमाणे हरकतीला ३० दिवस मिळतात. कोणाच्या परसातून रस्ता जाणार, कोणाच्या जागेवर शाळेचे आरक्षण पडणार, हे त्या नकाशात असते. केंद्र सरकारच्या पर्यावरणाच्या मसुद्याला बहुधा ६० दिवस असतात. मुदत किती, ते त्या कागदातच लिहिलेले असते. म्हणून मसुदा हातात आला, की पहिल्यांदा तारीख आणि दिवस शोधा. बाकीचे मागाहून वाचा.

सह्याद्रीचा मसुदा

आता आपल्या दाराशी घडलेली गोष्ट घेऊ.

सह्याद्रीचा डोंगर जपावा म्हणून केंद्र सरकारने २०१० मध्ये एक समिती नेमली. शास्त्रज्ञ माधव गाडगीळ तिचे अध्यक्ष होते. तिने २०११ मध्ये अहवाल दिला. मग कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी समिती बसली. तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. त्यावरून १० मार्च २०१४ रोजी पहिला मसुदा निघाला. पुढे तो पुन्हा पुन्हा काढावा लागला. ३१ जुलै २०२४ रोजी निघालेला मसुदा हा सहावा. गुजरातपासून तमिळनाडूपर्यंत सहा राज्यांतला सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर मुलूख त्यात आहे. त्यांपैकी १७,३४० चौरस किलोमीटर आपल्या महाराष्ट्रातला आहे. कोकणातली आणि घाटमाथ्यावरची पुष्कळ गावे त्या यादीत नावानिशी आहेत.

यादीत गावाचे नाव आले, की गावात काय होते ते तुम्ही पाहिलेच आहे. पारावर एक म्हणतो, "आता घराला खिळा ठोकायचा तरी दिल्लीला विचारावं लागणार." दुसरा म्हणतो, "कौलं बदलायला परवानगी मिळायची नाही." तिसरा म्हणतो, "घरंच उठवणार आहेत म्हणे." तेवढ्यात कोणाच्या तरी मोबाईलवर एक निरोप येतो. तो त्याहून भयंकर असतो. रात्रभरात तो सगळ्या वाड्यांत फिरतो. म्हाताऱ्या माणसांना झोप लागत नाही.

आता मसुद्यात काय आहे ते ऐका.

मोठी बांधकामे बंद, असे त्यात आहे. पण मोठी म्हणजे केवढी? २०,००० चौरस मीटर आणि त्यावरची. चौरस फुटांत सांगायचे, तर दोन लाख पंधरा हजार चौरस फूट. हजार फुटांचे एक घर धरले, तर २१५ घरे एका ठिकाणी बांधण्याएवढे ते काम झाले. आपल्यातल्या कोणाचे एवढे घर आहे? आणि त्याच ठिकाणी पुढे लिहिले आहे, की असलेल्या राहत्या घरांची दुरुस्ती, वाढ किंवा नूतनीकरण यांवर बंधन असणार नाही. मात्र ते चालू कायद्याप्रमाणे झाले पाहिजे. म्हणजे कौले बदला, पडवी वाढवा, पडलेली भिंत उभी करा. ग्रामपंचायतीचे आणि इतर जे नियम आधीपासून आहेत, तेवढे पाळा. घरे उठवा, असे कलम त्यात नाही.

मग भिण्यासारखे काहीच नव्हते काय? होते. तेच सांगतो. नीट लक्ष द्या.

त्याच मसुद्यात खाणकाम, दगडखाणी आणि वाळूउपसा यांवर पुरी बंदी सुचवली आहे. चालू खाणी पाच वर्षांत किंवा त्यांचा पट्टा संपेल तेव्हा बंद करायच्या आहेत. आता सांगा, कोकणात घर कशाचे बांधतात? जांभ्या दगडाच्या चिऱ्याचे. चिरा कोठून येतो? चिरेखाणीतून. आसपासच्या खाणी बंद झाल्या, तर चिरा लांबून आणावा लागेल. ट्रकाचे भाडे वाढेल. गरिबाचे दोन खोल्यांचे घर महाग होईल. खाणीवर राबणाऱ्याची मजुरी जाईल.

म्हणजे पाहा. जे मसुद्यात नव्हते, त्याची गावभर ओरड झाली. जे होते, त्यावर कोणी बोलले नाही. खिळ्याची भीती घेतली आणि चिऱ्याचा प्रश्न राहून गेला. न वाचता केलेल्या ओरडीचा हा तोटा आहे. कचेरीतला अधिकारी अर्ज हातात घेतो. त्यात लिहिलेले असते, "आमची घरे उठवू नका." तो म्हणतो, "असे कलमच नाही." अर्ज बाजूला पडतो. पण अर्जात असे लिहिले असते, की "अमुक कलमाने चिरेखाण बंद होते. घरबांधणीपुरत्या लहान चिरेखाणींचा वेगळा विचार करावा," तर त्याला उत्तर शोधावे लागले असते.

नियम आपल्यासाठीही असतो

दुसरी बाजूही मी सांगितली पाहिजे. नाहीतर तुम्ही म्हणाल, मास्तर एकाच बाजूने बोलतात.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर डोंगर आला. दीडशेवर माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातले तळिये गाडले गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. केरळात वायनाडला ३० जुलै २०२४ रोजी असेच झाले. त्याच्या दुसऱ्याच दिवशी हा सहावा मसुदा निघाला.

या गावांतल्या माणसांचीही घरे होती. त्यांच्याकडेही घरपट्टीच्या पावत्या होत्या. डोंगर आला, तेव्हा पावतीचा काय उपयोग? शेजारच्या डोंगरात कोणी बाहेरचा येऊन उतार तोडू लागला, मोठे बांधकाम काढू लागला, तर त्याला विचारणारा नियम हवा की नको? त्याचा जागेवर हक्क आहे, तसा तुमचाही तुमच्या घरात सुखाने झोपण्याचा हक्क आहे. एकाच्या हक्काला मर्यादा घातली, म्हणून दुसऱ्याचे घर वाचते.

म्हणून हरकत म्हणजे नुसता विरोध नव्हे. "नियमच नको," असे म्हणणे सोपे आहे. "हा नियम ठेवा, तो बदला, तिसरा आणखी कडक करा," असे म्हणायला आधी वाचावे लागते. तुम्ही आता ते करू शकता. म्हणून मी हे तुम्हाला सांगतो आहे.

हरकतीने काही होते काय?

पुष्कळ लोक म्हणतात, "गुरुजी, आम्ही लिहून काय होणार? सरकार करायचे तेच करणार."

तसे नेहमी होत नाही. दोन दाखले देतो.

पहिला केरळचा. २०१३ मध्ये केरळचा १३,१०८ चौरस किलोमीटर मुलूख या योजनेत धरला होता. त्यात वस्त्या होत्या. लोकांची शेते आणि मळे होते. लोक खवळले. काही ठिकाणी दंगाही झाला. ते वाईटच झाले. पण नुसत्या दंग्याने नकाशा बदलत नाही. राज्याने एक समिती नेमली. ती गावोगाव हिंडली. कुठे जंगल आहे आणि कुठे वस्ती, हे जागेवर पाहिले. ते कागदावर मांडून दिल्लीला पाठवले. २०१४ चा मसुदा निघाला, तेव्हा केरळचा आकडा ९,९९३.७ चौरस किलोमीटरवर आला होता. तीन हजारांवर चौरस किलोमीटर मुलूख सुटला.

दुसरा दाखला आपल्या शेजारच्या गोव्याचा. २००६ च्या ऑगस्टमध्ये गोव्याचा प्रादेशिक आराखडा जाहीर झाला. त्याला २०११ चा आराखडा म्हणत. लोकांनी त्याचे नकाशे मिळवले आणि पाहिले. त्यांना काय दिसले? डोंगरउतार, शेते आणि झाडीची जागा पुष्कळ ठिकाणी बांधकामासाठी मोकळी केलेली दिसली. तेव्हा गोवा बचाव अभियान उभे राहिले. गावोगाव सभा झाल्या. लोकांनी नकाशावर बोट ठेवून विचारले, "हा आमचा डोंगर इथे वस्ती म्हणून कसा दाखवला?" २००७ च्या सुरुवातीस सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. पुढचा आराखडा करताना गावांपुढे नकाशे ठेवून त्यांचे म्हणणे मागवावे लागले.

केरळच्या लोकांना नियम फार कडक वाटला. गोव्याच्या लोकांना तो फार सैल वाटला. मागणे उलटसुलट होते, पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी होती. आपला डोंगर आणि आपली वस्ती नकाशात कशी दाखवली आहे, ते त्यांनी पाहिले आणि मुद्दा दाखवून दिला.

आधी आपला कागद नीट करा

आता जरा घरातल्या ट्रंकेकडे वळू.

समजा, तुम्ही हरकत लिहिली. कचेरीत विचारतील, "घर कोणाचे?" तुम्ही म्हणाल, "माझे. आजोबांनी बांधले." ते म्हणतील, "कागद दाखवा."

पुष्कळांकडे एकच कागद असतो. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा. कोकणात आपण त्याला असेसमेंट म्हणतो. हा कागद महत्त्वाचा आहे. घर कोठे आहे, केवढे आहे, घरपट्टी कोण भरतो, हे त्यावरून कळते. पण लक्षात ठेवा, हा कर आकारणीचा कागद आहे. तेवढ्याने जागेची मालकी सिद्ध होत नाही.

मालकीचा कागद वेगळा. घर गावठाणात असेल, तर मिळकत पत्रिका हवी. केंद्र सरकारची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. तिच्यात ड्रोन उडवून गावठाणाची मोजणी करतात आणि घरमालकाला मिळकत पत्रिका देतात. मोजणीला माणसे येतील, तेव्हा घरी हजर राहा. आपली हद्द स्वतः दाखवा. शेजाऱ्यालाही बोलवा. त्या दिवशीचा अर्धा दिवसाचा खाडा पुढची दहा वर्षांची भांडणे वाचवतो.

घर गावठाणाबाहेर, वाडीत असेल, तर ती जमीन सातबाऱ्यावर असते. कोकणात तो सातबारा बहुतेक सामाईक असतो. एका घराच्या जागेवर वीस-वीस नावे. त्यांतले निम्मे वारलेले. उरलेले मुंबईला. अशा ठिकाणी वारसांची नोंद करून घ्या. त्यासाठी तलाठ्याकडे अर्ज द्यायचा असतो. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. काम तेच आहे. आणि भगिनींनो, ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचे नावही लावता येते. ते लावून घ्या. घर सारवते ती, पाणी भरते ती, आणि कागदावर मात्र ती नाही, हे बरे नव्हे.

हरकत कशी लिहावी?

हरकत लिहायला वकीलच पाहिजे असे नाही. शुद्धलेखनाचे मार्क कोणी देणार नाही. साधे लिहा, पण नेमके लिहा. मी नमुना सांगतो. तुम्ही वहीत उतरवून घ्या.

प्रति,
(मसुद्यात ज्या अधिकाऱ्याचे नाव व पत्ता दिला असेल, तो येथे लिहावा.)

विषय : अमुक तारखेच्या मसुद्यावर हरकत.

मी, (पूर्ण नाव), राहणार (वाडी, गाव, तालुका, जिल्हा). माझे घर ग्रामपंचायत घर क्रमांक अमुक येथे आहे.

मसुद्याच्या अमुक कलमात असे म्हटले आहे की, (ते वाक्य उतरवावे.)

त्यामुळे माझे असे नुकसान होते : (दोन-तीन ओळी.)

म्हणून त्या कलमात असा बदल करावा : (दोन-तीन ओळी.)

माझे म्हणणे समक्ष ऐकून घ्यावे, ही विनंती.

सोबत : घराच्या उताऱ्याची प्रत.

सही आणि तारीख.

पाहा, एका पानात काम झाले. यात तीन गोष्टी मुख्य आहेत. कोणते कलम, काय नुकसान, काय बदल. या तीन नसतील, तर चार पाने लिहूनही उपयोग नाही. आणि सही करा. अंगठा नको. तुम्ही सही शिकलात, ती याच कामासाठी.

अर्ज कचेरीत दिला, तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. याला पोच म्हणतात. लांबच्या कचेरीला पाठवायचा असेल, तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. मसुद्यात ई-मेल दिला असेल, तर शिकलेल्या मुलाकडून तोही पाठवा. पोच नाही, तर अर्ज दिलाच नाही, असे समजा. "मी साहेबांच्या कानावर घातलं होतं," याला कचेरीत किंमत नाही.

मसुदा इंग्रजीत असला तर? मराठीत मागा. २०२० मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणाच्या परवान्यांविषयी एक मसुदा काढला होता. लोकांना तो आपल्या भाषेत वाचता येत नाही, म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली गेली. न्यायालयाने ३० जून २०२० रोजी हुकूम केला, की घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत त्याचे भाषांतर द्या. हरकतींची मुदतही वाढवून दिली. त्या भाषांत मराठी आहे. म्हणजे मराठीत मागणे हा काही हट्ट नव्हे.

एखादा कागद, नकाशा किंवा मागचा आदेश कोणी दाखवत नसेल, तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही. उत्तर सामान्यतः ३० दिवसांत द्यावे लागते. पण येथे एक सावधगिरी ठेवा. मसुद्याची मुदत ३० दिवस आणि माहितीचे उत्तर ३० दिवस, असे झाले तर मुदत निघून जाईल. म्हणून माहितीची वाट पाहत बसू नका. हरकत आधी द्या.

गाव करील ते राव काय करील

एकट्याने हरकत द्यावीच. पण गावानेही द्यावी. ग्रामसभेत मसुदा मोठ्याने वाचा. वाचणारा तुमच्यातलाच असू द्या. प्रत्येक कलमावर विचारा, याने आपले काय होते? मग ठराव करा. ठरावातही तीच तीन वाक्ये हवीत. कलम, नुकसान, बदल.

२०२४ च्या मसुद्याला ६० दिवस होते. त्या साठ दिवसांतच गणपती आले. ७ सप्टेंबरला चतुर्थी होती. आपले चाकरमानी गावी आले होते. ज्यांची नावे सातबाऱ्यावर आहेत, तेही आले होते. सगळी भावकी एका छपराखाली होती. आरत्या झाल्या, भजने झाली, ती व्हावीतच. पण अशा दिवसांत एक संध्याकाळ मसुद्याला दिली, तर एका बैठकीत गावातल्या निम्म्या घरांच्या सह्या होतील. पुढे कधी असा कागद निघाला, तर हे ध्यानात ठेवा.

नियम झाल्यावर

समजा, हरकत मानली नाही आणि नियम पक्का झाला. म्हणून सगळे संपले असे नाही.

पूर्वी मालमत्तेचा हक्क हा आपल्या घटनेत मूलभूत हक्क होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून काढला. पण तो पुसून टाकला नाही. घटनेच्या ३००-अ कलमात तो आहे. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही, असा त्याचा अर्थ आहे. एखादा साहेब नुसता तोंडाने म्हणाला, "उद्या भिंत पाडा," तर त्याला विचारा, "कोणत्या कायद्याने? लेखी द्या."

आराखड्यात तुमच्या जागेवर आरक्षण पडले आणि आराखडा पक्का होऊन दहा वर्षे झाली, तरी जागा कोणी घेतली नाही, तर १९६६ च्या कायद्याप्रमाणे नोटीस देता येते. नोटिशीनंतर २४ महिन्यांत जागा घेण्याची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण उठते. हे आपोआप होत नाही. नोटीस तुम्ही द्यावी लागते.

आणि १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की घर पाडण्याआधी मालकाला लेखी नोटीस द्या, ती टपालाने पाठवा आणि घरावरही चिकटवा. नोटिशीनंतर निदान १५ दिवस द्या. त्याचे म्हणणे ऐका. मग कारणे लिहून आदेश काढा. मात्र रस्ता, पदपथ, रेल्वेलगतची जागा, नदी किंवा तलाव अशा ठिकाणी केलेल्या बेकायदा बांधकामाला हे लागू नाही. न्यायालयाने घरमालकाला संरक्षण दिले. अतिक्रमणाला दिलेले नाही. हा फरक विसरू नका.

हे सारे हक्क आहेत. पण ते कोर्टाच्या वाटेवरचे आहेत. त्या वाटेला पैसा लागतो, खेटे घालावे लागतात, वर्षे जातात. हरकतीच्या वाटेला एक कागद लागतो आणि एक टपालाची पावती लागते. स्वस्त वाट मुदतीपुरतीच उघडी असते.

तेव्हा चार गोष्टी ध्यानात ठेवा. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर काय लावले आहे, ते आठवड्यातून एकदा वाचा. मसुदा दिसला, की मुदत पाहा. ऐकीव गोष्टीवर भिऊ नका आणि ऐकीव गोष्टीवर निर्धास्तही राहू नका. आणि जे म्हणायचे ते कलम धरून लिहा, पोच घ्या.

पुढच्या बुधवारी प्रत्येकाने आपल्या घराचा उतारा वर्गात आणावा. बायकांनीही आणावा. आपण तो एकत्र वाचू. कोणाच्या घराला कोणाचे नाव आहे आणि कोणाचे राहिले आहे, ते पाहू. त्यातल्या चुका आधी दुरुस्त करून घेऊ. मग पुढचा मसुदा येईल, तेव्हा आपण तयार असू.